डॅशबोर्डवरचा चिकटा काढायचाय? आधी थिनरची बाटली बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे की सेकंडहॅन्ड गाडी घेतलीय, आतलं सगळं प्लास्टिक बेज रंगाचं. आधीच्या मालकाने डॅशबोर्डवर गणपतीची मूर्ती डबल टेपने चिकटवलेली होती, मूर्ती तो घेऊन गेला पण टेपचा काळपट चिकट थर तिथेच राहिला. बाजूला मोबाईल ठेवायचं अँटी-स्लिप मॅट होतं त्याचा चकचकीत ठसा उमटलाय, आणि ड्रायव्हरच्या दारावरची काचेची बटणं हाताला चिकटतात. साबणाच्या पाण्याने काही गेलं नाही. गॅरेजवाला म्हणतो थिनर मार, दोन मिनिटांत साफ होईल. मारू का?

नका मारू. मी कार डिटेलिंगचंच, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करायचं काम करतो आणि आतल्या प्लास्टिकची जी कामं माझ्याकडे "आता काहीतरी करा" म्हणून येतात, त्यात मूळ डागाने खराब झालेल्या गाड्या कमी आणि डाग काढायला जे लावलं त्याने खराब झालेल्या गाड्या जास्त असतात. टेपचा गम आज ना उद्या निघतोच. थिनरने बसलेलं प्लास्टिक मात्र कुठल्याही पॉलिशने उठत नाही, तो पार्टच बदलावा लागतो.

आता गॅरेजवाला काही खोटं बोलत नाहीये, हे पण सांगतो. त्याने चार गाड्यांवर थिनर मारलेला असणार आणि काहीच झालं नसणार, कारण गाडीतलं बरंचसं साधं कडक प्लास्टिक पीपी म्हणजे पॉलीप्रोपिलीन असतं आणि ते थिनरला तसं दाद देत नाही. पण अडचण अशी की त्याच डॅशबोर्डवर एका वितेच्या अंतरात तीन-चार जातींचं प्लास्टिक असतं. वरचा मोठा भाग पीपी, मधला कन्सोल आणि एसी व्हेंटच्या पट्ट्या बऱ्याचदा एबीएस (हे ब्रेकचं एबीएस नाही, कडक प्लास्टिकची एक जात) किंवा पीसी-एबीएस (त्यात पॉलीकार्बोनेट मिसळलेलं), मीटरवरची पारदर्शक काच म्हणजे खरंतर पॉलीकार्बोनेट नाहीतर अॅक्रिलिक, आणि काही गाड्यांत वर मऊ लागणारा पेंट. एबीएसला थिनर किंवा अॅसिटोन लागलं की वरचा पातळ थर विरघळतो, दाणेदार टेक्श्चर सपाट होतं आणि तिथे कायमचा पांढरट किंवा चमकणारा पट्टा राहतो. कधी त्या दिवशी काहीच दिसत नाही आणि काही दिवसांनी स्क्रूच्या किंवा क्लिपच्या आसपास केसासारख्या बारीक चिरा पडायला लागतात, तोपर्यंत कशाने झालं हे पण माणूस विसरलेला असतो.

तुमचं प्लास्टिक कुठलं हे बघायचं असेल तर ग्लोव्हबॉक्स उघडा, दोन्ही बाजू आत दाबून तो पूर्ण खाली सोडा (बऱ्याच गाड्यांत सुटतो, सुटला नाही तर जोर करू नका) आणि त्याच्या मागच्या बाजूला टॉर्च मारा. दोन बाणांच्या टोकांमध्ये पीपी, एबीएस, पीसी+एबीएस अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली दिसतील, पीपीच्या पुढे टी आणि २० असा आकडा असला तर त्यात २० टक्के टाल्क म्हणजे शंखजिऱ्याची पूड मिसळलेली आहे. प्रत्येक पार्टवर त्याचं त्याचं लिहिलेलं असतं, त्यामुळे ग्लोव्हबॉक्सवर पीपी दिसलं म्हणून कन्सोलला पण पीपी धरून चालू नका. जिथे मागची बाजू बघता येत नाही तिथे एबीएस आहे असं समजूनच काम करा.

पेट्रोलबद्दल पण लोक विचारतात म्हणून सांगतो. प्लास्टिकचं एक वेळ सोडा, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बंद गाडीत खाली पायापाशी साचते आणि तिथेच आसपास ब्लोअरची मोटर असते. गाडीच्या आत पेट्रोलने पुसायचं हा विचारच डोक्यातून काढून टाका. नेलपॉलिश रिमूव्हर, टूथपेस्ट, हिरवी घासणी, खायचा सोडा हे पण नको. टूथपेस्ट आणि सोडा दोन्ही बारीक पॉलिशिंग पावडरच आहेत, दाणेदार प्लास्टिकवर घासले की दाण्यांची टोकं झिजतात आणि पांढरा भुकटा खाचांमध्ये जाऊन बसतो तो वेगळाच. तो पांढरा मॅजिक स्पंज मिळतो ना, मेलामाइनचा, तो पण तसाच, बेज दाणेदार भागावर अगदी हलक्या हाताने एखाद वेळ चालतो पण पियानो ब्लॅक चकचकीत पट्टीवर लावला की स्क्रॅचेसचं जाळं पडलंच समजा.

आता तुमच्या तिन्ही गोष्टी. या तिन्ही "चिकट" दिसतात म्हणून एकाच लिक्विडने काढायच्या असं वाटतं पण तिन्ही वेगळ्या आहेत. टेपचा गम बाहेरून आलेला आहे. मॅटचा ठसा अर्धा बाहेरून आलेला आणि अर्धा प्लास्टिकमध्ये मुरलेला. आणि बटणांवर बाहेरचं काहीच नाहीये, बटणांचं स्वतःचं कोटिंगच खराब झालंय.

टेपपासून सुरू करू. मूर्तीला जी जाड टेप लावतात ती फोमची असते, मध्ये स्पंजसारखा थर आणि दोन्हीकडे गम. फोम अजून जाड शिल्लक असेल तर आधी तो कापायचा. मासेमारीचा तंगूस घ्या किंवा डेंटल फ्लॉस, दोन्ही हातांना गुंडाळून डॅशबोर्डला समांतर धरून करवतीसारखा मागेपुढे ओढत न्यायचा. चाकू किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडायचं नाही, पीपीवर ओरखडा पडला की तो पांढरा दिसतो आणि बेजवर तर लगेच डोळ्यात भरतो.

मग उष्णता. उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड सहज ७० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे निसर्गाने अर्धं काम फुकटात करून ठेवलेलं असतं, दुपारी उन्हात तासभर उभी केलेली गाडी सावलीत आणा आणि दारं उघडून लगेच कामाला लागा. पावसाळा असेल तर घरातला हेअर ड्रायर मध्यम सेटिंगवर, १५-२० सेंटीमीटर लांब धरून, हलवत हलवत. बोट ठेवलं तर गरम लागलं पाहिजे पण ठेवता आलं पाहिजे, तेवढंच. हीट गन घरी वापरू नका, तिने टेक्श्चर वितळायला काही सेकंद पुरतात.

गम गरम झाला की अंगठ्याने एका कडेपासून आत ढकलत रोल करायचा. घासायचा नाही, रोल करायचा. पहिल्यांदा नुसता अंगठा सरकतो, मग एक बारीक काळी सुरळी तयार होते, ती पुढे ढकलत नेली की वाटेतला गम तिलाच चिकटत जातो आणि ती फुगत फुगत शेंगदाण्याएवढी गोळी होते. ती टाकून द्यायची, पुन्हा नवीन कडेने सुरुवात. निम्म्याहून जास्त गम असाच निघतो, एकही थेंब लिक्विड न लावता. दाण्यांच्या खाचांत जो राहतो त्यासाठी ब्राऊन पॅकिंग टेप किंवा कापडी टेपचा ताजा तुकडा त्यावर घट्ट दाबायचा आणि झटक्यात ओढायचा, पुन्हा पुन्हा, दर वेळी टेपचा नवीन भाग वापरून. हे काम कंटाळवाणं आहे पण याने प्लास्टिकला धक्का लागत नाही, म्हणून मी महागड्या गाड्यांवर पण हेच करतो.

यानंतर जो पातळ तेलकट-काळा थर राहील त्याला तेल लावा. साधं खोबरेल किंवा बेबी ऑइल, कापसाच्या बोळ्यावर घेऊन तो बोळा त्या जागेवर ठेवून द्यायचा १५-२० मिनिटं. इथेच सगळ्यांची घाई होते, लावलं की लगेच घासायला लागतात. तेलाला गममध्ये शिरायला वेळ लागतो, वेळ दिला तर जोर लावावा लागत नाही. जुन्या रबरी गमवर तेल छान चालतं, अॅक्रिलिकच्या पक्क्या फोम टेपवर जरा कमी पडतं, तिथे निलगिरीचं तेल घ्या नाहीतर संत्र्याच्या सालीच्या तेलाचं जे अॅढेसिव्ह रिमूव्हर मिळतं ते. ही दोन्ही खोबरेलपेक्षा बरीच तेज आहेत, त्यामुळे आधी स्टिअरिंगच्या खालच्या कव्हरवर न दिसणाऱ्या जागी लावून पाच मिनिटं थांबून बघायचं, आणि मुख्य जागेवर पण एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाहीत. डब्ल्यूडी-फोर्टी पण गम काढतं, त्यात पेट्रोलियमचे सॉल्व्हंटच असतात, फक्त फडक्यावर मारून लावा. थेट डॅशबोर्डवर स्प्रे केलं की ते व्हेंटमध्ये, स्क्रीनच्या फटीत, नको तिथे जातं. हा नियम कुठल्याही लिक्विडला लावा, स्प्रे फडक्यावर, पृष्ठभागावर नाही.

तेलानंतर तेल पण काढायचंय. मेडिकलमधून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, त्यात तेवढंच पाणी घाला, मायक्रोफायबरवर घेऊन पुसा. मग मगभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब, रंगाचा जुना मऊ ब्रश, खाचांतून वेगवेगळ्या दिशेने फिरवा, ओल्या फडक्याने दोनदा पुसा, कोरडं करा. हे अल्कोहोल मीटरच्या पारदर्शक काचेवर आणि टचस्क्रीनवर अजिबात नाही, अॅक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात. तिथे फक्त ओलसर मायक्रोफायबर.

काम करताना एक खूण लक्षात ठेवा, फडक्याकडे बघत राहा. फडक्यावर काळं, पिवळं, मळकट येतंय तोपर्यंत चालू द्या. फडक्यावर बेज रंग दिसला की त्या क्षणी थांबा, तो डाग नाही, तुमचा डॅशबोर्ड आहे.

आणि सगळं झाल्यावर मूर्तीच्या जागी एक चौकोन तरीही दिसेल, आजूबाजूपेक्षा थोडा गडद आणि नवा. तो डाग नाहीये. टेपखाली ऊन पोचलं नाही म्हणून तिथे मूळ रंग शिल्लक आहे आणि बाकीचा डॅशबोर्ड उन्हाने उतरलाय. माझ्याकडे येणारे कितीतरी लोक हाच चौकोन घासत बसलेले असतात आणि घासून घासून तिथलं टेक्श्चर घालवतात, मग खरंच डाग दिसतो. यावर उपाय म्हणजे अख्खा डॅशबोर्ड एकसारखा धुवून घेणे, म्हणजे आजूबाजूचा मळ गेला की फरक बराच कमी होतो, उरलेला फरक वर्षभरात ऊनच भरून काढतं.

आता मॅटचा ठसा. ही मऊ मॅट पीव्हीसी किंवा जेलची असतात, त्यांना मऊ ठेवण्यासाठी आत तेलासारखं प्लास्टिसायझर घातलेलं असतं आणि उन्हात तापलं की ते हळूहळू बाहेर येऊन खालच्या प्लास्टिकमध्ये मुरतं. म्हणून तुम्ही पुसता, स्वच्छ दिसतं, दोन दिवस गाडी उन्हात राहिली की परत चिकट. लोकांना वाटतं आपलं लिक्विड चांगलं नाही म्हणून ते आणखी कडक लिक्विड आणतात. असं करू नका. गाडी उन्हात तापवा, मुरलेलं तेल वर येऊ दे, मग कोमट साबणाच्या पाण्याने आणि शेवटी पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने पुसा, दोन-तीन दिवस सोडा, परत तेच. पंधरा दिवसांत चिकटपणा बहुतेक जातो. चकाकी मात्र थोडी राहील, कारण मॅटच्या वजनाने आणि उष्णतेने दाण्यांची टोकं दबलेली असतात आणि ती परत उभी करायचं औषध नाही. कुणी पैसे घेऊन "शंभर टक्के घालवतो" म्हणत असेल तर तो वर सिलिकॉनचं पॉलिश मारून अख्खा डॅशबोर्डच चकचकीत करणार आहे, म्हणजे ठसा दिसत नाही एवढंच. त्या सिलिकॉनवर धूळ बसून चिकटते, त्यावर परत पॉलिश, असे थरावर थर चढतात आणि दुपारच्या उन्हात समोरच्या काचेत डॅशबोर्डचं प्रतिबिंब पडून रस्ता नीट दिसत नाही. साफ केल्यावर काही लावायचंच असेल तर पाण्याच्या बेसचं, मॅट फिनिशचं, यूव्ही प्रोटेक्शनवालं घ्या आणि अगदी पातळ लावा.

बटणांची गोष्ट सगळ्यात वेगळी. बटणांना, कधी आतल्या हँडलला, हाताला मऊ लागावं म्हणून पॉलीयुरेथेनचं कोटिंग दिलेलं असतं. उष्णता आणि दमट हवा यांनी ते कोटिंग वर्षानुवर्षं हळूहळू तुटत जातं आणि त्याचा चिकट लगदा होतो, रसायनाच्या भाषेत हायड्रोलिसिस. मुंबईच्या, कोकणाच्या, गोव्याच्या गाड्यांत हे समुद्रापासून लांबच्या, कोरड्या हवेतल्या गाड्यांपेक्षा जास्त बघायला मिळतं. ओळखायचं कसं, तर बटणाच्या कडेला नखाने हलकं खरवडा, नखात काळी चिकट पापडी आली तर ते कोटिंग आहे. हे कितीही धुतलं तरी चिकटच राहणार कारण तुम्ही जे धुताय तेच चिकट झालंय. टाल्कम पावडर लावायची युक्ती चार दिवस चालते आणि मग पावडरसकट काळा लगदा होतो.

उपाय एकच, कोटिंग पूर्ण काढून टाकायचं. गाडी बंद, चावी बाहेर. इथे पाणी न घातलेलं, ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल चालतं, पण कापसाच्या काडीवर किंवा फडक्याच्या टोकावर ओलसर, ठिबकेल इतकं नाही, कारण खाली स्विच आहे. थोडं थोडं करत कोटिंग उतरवलं की खालचं कडक प्लास्टिक लागतं, ते हाताला वेगळं लागेल पण स्वच्छ असेल. पण करण्याआधी बटणावरची चित्रं बघा. बऱ्याच गाड्यांत बटण मुळात पांढरं असतं, वर काळा थर आणि चित्र लेझरने त्या थरातून कोरलेलं, रात्री आतून लाईट लागते ती तशीच बाहेर येते. तिथे थर काढला की चित्र पण गेलं आणि अख्खं बटण पांढरं. अशा वेळी साफसफाईच्या नादी लागू नका, अख्खं स्विच पॅनल बदला. कंपनीचं महाग वाटलं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या स्पेअरच्या बाजारात जुन्या गाड्यांचं चांगलं निघालेलं मिळतं, फक्त मागचा सॉकेट आणि पिना तुमच्याशी जुळतात का ते आपला जुना पार्ट हातात धरून बघा.

या निमित्ताने आणखी एक, कारण बेज डॅशबोर्डवाले हे नेहमी विचारतात. खंडेनवमीला किंवा नवीन गाडीच्या पूजेला स्टिअरिंगवर, डॅशबोर्डवर हळदकुंकू लागतं आणि लोक लगेच साबणाचं ओलं फडकं घेऊन धावतात. हळदीला साबण लागला की ती लाल होते (हळद आणि चुन्याचं कुंकू होतं तीच क्रिया), माणूस घाबरतो आणि आणखी घासतो. आधी कोरडंच काढायचं, व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने, एक थेंब पाणी न लावता. उरलेला पिवळेपणा पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो, म्हणून तेच पाणी मिसळलेलं अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपायचं, पसरवायचं नाही. मग राहिलेली फिकट छटा उन्हात आपोआप उडते, हळदीचा रंग उन्हापुढे टिकत नाही. बाजारातल्या रंग घातलेल्या कुंकवाचं मात्र तसं नाही, ते रात्रभर तसंच राहिलं तर बेजमध्ये गुलाबी मुरतं, त्यामुळे पूजा झाली, गाडी फिरवून आणली की त्याच दिवशी ब्रश मारा.

आणि परफ्यूमची बाटली. ती सांडली तर हे सगळं वाचत बसू नका, त्याच मिनिटाला टिपून घ्या आणि साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, कारण त्यातली सुगंधी तेलं आणि सॉल्व्हंट काही तासांत पेंट फुगवतात आणि पियानो ब्लॅकवर तर लाटा उमटतात. त्या लाटा निघत नाहीत.

शेवटी मूर्तीचं. नवीन मूर्ती बसवणार असालच, तर आधी डाव्या सीटसमोर डॅशबोर्डवर एअरबॅग लिहिलेलं आहे का बघा. डिसेंबर २०२१ नंतर बनलेल्या कारमध्ये पुढच्या डाव्या सीटला एअरबॅग सक्तीची आहे, जुन्यांमध्ये मॉडेलवर अवलंबून आहे. त्या झाकणावर किंवा त्याच्या वाटेत काहीही जड चिकटवायचं नाही, एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते आणि वरची वस्तू थेट समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर जाते. त्याच कारणाने साफ करताना पण तिथल्या फटीत लिक्विड सोडायचं नाही आणि ड्रायर धरायचा नाही. मूर्ती मध्यभागी, स्क्रीनच्या मागे, छोटी आणि हलकी ठेवा, आणि टेप लावायच्या आधी खाली पीपीएफचा म्हणजे गाडीच्या पेंटवर लावतात त्या पारदर्शक फिल्मचा एक तुकडा लावून घ्या, डिटेलिंगवाल्याकडे कापलेले तुकडे पडलेलेच असतात, मागितले तर देतो. पुढे कधी मूर्ती हलवायची झाली की ड्रायरने जरा गरम करून फिल्मसकट सगळं सोलून निघतं.